टेबलाचा रक्तदाब

उपसंपादक दुपारी घरी आला तेव्हा नाना, म्हणजे त्याचे वडील, दोन्ही तळपायांना बटाट्याच्या जाड चकत्या बांधून झोपले होते. चकत्या पडू नयेत म्हणून वरून मोजे चढवले होते आणि मोजे निसटू नयेत म्हणून त्यांना नाडी बांधली होती. एवढा बंदोबस्त करून नाना निवांत घोरत होते.

"आई, हे काय?"

आई जेवणाच्या टेबलावर कप पुसून ठेवत होती. ते टेबल एका पायानं तोकडं होतं, त्यामुळे कप ठेवला की आधी डुगडुगायचं आणि मग शांत व्हायचं. घरातल्या सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की चहा ओतताना हात आपोआप कपाबरोबर हलायचा.

"हळू बोल. विष उतरतंय."

"कसलं विष?"

"रक्तदाबाचं. आता मला खोदून विचारू नकोस, या घरात मला विचारून कुणी काही करत नाही. परवाच्या पेपरात आलंय. तुझ्याच पेपरात."

परवाचं पान चार उपसंपादकानंच लावलं होतं.

झालं होतं असं की, त्या पानावर गाद्यांच्या दुकानाची जाहिरात जायची होती. दुकानदारानं ती ऐन वेळी मागे घेतली आणि पानाच्या मधोमध रिकामी चौकट उरली. छपाईवाले खालून फोनवर फोन करत होते. संपादकसाहेब जाताजाता म्हणाले, "भर रे काहीतरी. आरोग्याचं भर. आरोग्याला कुणी नाही म्हणत नाही." उपसंपादकानं खिशातून मोबाइल काढला. घरच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी टाकलेला मजकूर समोरच होता: तळपायाला बटाटा बांधून झोपा, शरीरातलं विष बटाट्यात उतरतं, बटाटा काळा पडतो, रक्तदाब पळून जातो! त्यानं उद्गारचिन्हं काढली, जोडलेल्या हातांची चित्रं काढली, ‘हा संदेश अडवू नका’ हे काढलं. एवढं सगळं काढल्यावर मजकूर फारच उघडाबोडका दिसायला लागला, म्हणून सुरुवातीला ‘तज्ज्ञांच्या मते’ असं घातलं. तरीही चौकट भरायला एक ओळ कमी पडत होती. तेव्हा त्यानं स्वतःच्या मनानं शेवटी जोडलं, ‘यामुळे औषधांची गरजही कमी होते, असे आढळून आले आहे.’ कुणाला आढळलं, कुठं आढळलं, हे विचारायला तिथं कोण होतं? पान वेळेवर गेलं. संपादकसाहेबांनी पाठ थोपटली. थापा मारणाऱ्याची पाठ थोपटायला माणसं नेहमी तयारच असतात म्हणा!

"आई," तो घाबरत म्हणाला, "गोळ्या तरी घेतायत ना?"

आईनं कप पुसणं थांबवलं. फळीवरची गोळ्यांची पट्टी काढून तिनं त्याच्या हातात दिली. परवापासून त्यातली एकही गोळी कमी झाली नव्हती.

"मी सांगून थकले रे," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "सकाळी उठताना भिंत धरली त्यांनी. मला म्हणाले, चप्पल शोधत होतो. चप्पल काय भिंतीवर असते?"

इतक्यात नाना जागे झाले. त्यांनी नाड्या सोडल्या, मोजे उतरवले आणि काळ्या पडलेल्या चकत्या ताटलीत घेऊन ते विजयी मुद्रेनं बाहेर आले.

"बघ! बघ, किती निघालं! आयुष्यभर साठलेलं असणार."

"नाना, बटाटा कापून ठेवला की काळा पडतोच. हवेनं पडतो."

"पडतो. पण एवढा?"

"नाना, ऐका. ते मी लिहिलंय. जागा भरायची होती म्हणून लिहिलंय. खोटं आहे ते."

नाना आधी त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग मनापासून हसले.

"तू? अरे, तू परवा माझ्या चष्म्यावर बसलास आणि वर मलाच विचारलंस, कसला आवाज आला म्हणून! तू काय तज्ज्ञांची मतं लिहिणार?"

"तज्ज्ञ कुणी नव्हतंच!"

"तुला सांगून येतात होय तज्ज्ञ? वरच्या वर संपादकाला भेटत असतील. बापाला बरं वाटायला लागलं तर तुला त्याचंही श्रेय हवं. गप बस, चहा घे."

आता नानांचंही बरोबरच होतं, त्यांच्या बाजूनं. नोकरीभर ते वजनमापे निरीक्षक होते. खांद्याला पिशवी, पिशवीत पितळेची प्रमाण वजनं, आणि बाजारात नुसते शिरले तरी दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. ज्या वजनावर सरकारी शिक्का नाही, ते वजनच नाही, हा त्यांचा नियम. आणि वर्तमानपत्रात छापून आलेलं म्हणजे त्यांच्या लेखी शिक्का बसलेलं. पोटचा पोरगा काय, आज एक बोलतो, उद्या एक. त्याच्यावर कुठं शिक्का होता?

उपसंपादकानं चहा घेतला नाही. तो तसाच कचेरीत गेला आणि संपादकसाहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, बटाट्याचं चुकलं. खुलासा द्यायला हवा."

"कुणाची तक्रार आलीय?"

"नाही."

"मग? उलट सकाळपासून फोन येतायत, असंच आणखी काहीतरी द्या म्हणून." साहेबांचे डोळे चमकले. "कांद्याचं आहे का काही?"

"साहेब, माझ्या वडिलांनी गोळ्या बंद केल्यात."

संपादकसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. पण मग समोरच्या पानाकडे बघून म्हणाले, "वाईट वाटतं रे. पण जागा आहे का, तूच सांग. पान तर भरलंय." खोटं बोलायला जागा उरते आणि खरं बोलायला पान भरलेलं असतं! तो हात हलवत परत आला.

दोन-चार दिवसांत इमारतीत बटाटा चांगलाच फोफावला. नानांनी शेजारच्या काकूंना सांगितलं, काकूंनी वरच्या बँकवाल्यांना, बँकवाल्यांनी रखवालदाराला. दुपार झाली की जिना सुनसान, घरोघरी माणसं पायात बटाटे घालून आडवी. संध्याकाळी जिन्यात चकत्यांची प्रदर्शनं भरायची.

"माझी बघा, कडा केवढी काळी आहे!"

"ही काहीच नाही. आमच्या ह्यांची बघा. मूळचेच तापट ना ते."

बँकवाले मात्र तोंड पाडून उभे असायचे. त्यांच्या घरचा बटाटा कुठल्या जातीचा होता कोण जाणे, तो जेमतेम पिवळटच व्हायचा. "माझं आतच अडकलंय वाटतं," ते हळूच म्हणायचे आणि काकू त्यांना धीर द्यायच्या. भाजीवाली मावशी रस्त्यापलीकडून हे सगळं बघत होती. तिनं पाटी लिहिली, ‘पायाचे बटाटे वेगळे मिळतील’. ते पायाचे बटाटे भाजीच्या बटाट्यांपेक्षा महाग होते आणि त्याच पोत्यातून निघत होते.

नाना सगळ्यांचे सल्लागार झाले. चकती किती जाड, मोजा सुती की लोकरीचा, सगळं त्यांना विचारलं जायचं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना काही विचारत होतं. त्यांचा चेहरा खुलला होता, आणि हेच बघून उपसंपादकाला जास्त भीती वाटत होती. कारण हा खुललेला माणूस बोलताबोलता मध्येच थांबत होता, कपाळ दाबत होता, आणि कुणी पाहिलंय का ते बघून पुन्हा हसत होता.

शेवटी सुनेनं, म्हणजे उपसंपादकाच्या बायकोनं, शेजारून रक्तदाब मोजायचं यंत्र मागून आणलं.

"नाना, हात द्या. फक्त बघू."

नानांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "हे कुणी तपासलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे याचा आकडा खरा कशावरून? असं कुठलंही यंत्र आणाल आणि हाताला गुंडाळाल. मी आयुष्यात न तपासलेल्या तराजूवर बटाटासुद्धा मोजून घेतला नाही."

"अहो, पण पायाला बांधून घेतलात की!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

सून हसली. पण उपसंपादक हसला नाही. त्याला लहानपणची सुट्टी आठवली. तेव्हा तो नानांबरोबर बाजारात जायचा. दुकानदार लगबगीनं वजनं पुढे करायचा, माल दाखवायचा, चहा मागवायचा. नाना त्यातल्या कशाकडेही न बघता आधी दोन्ही पारडी रिकामी करायला सांगायचे. काही न ठेवता पारडं एका बाजूला झुकलं, की झालं. मग दुकानदारानं कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नव्हता.

"नाना," तो म्हणाला, "तराजू तपासताना तुम्ही आधी काय करायचात?"

"रिकामं पारडं बघायचं. तुला माहीत आहे की."

"मग बटाट्याचं रिकामं पारडं बघितलंत?"

नानांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"बटाटा विष ओढतो म्हणून काळा पडतो, असं तुमचं म्हणणं," उपसंपादक घाईघाईनं बोलत सुटला, कारण नाना ऐकत होते आणि असं रोज होत नव्हतं. "मग जिथं विषच नाही तिथं तो काळा पडता कामा नये. बरोबर?"

"बरोबर," नाना हळूच म्हणाले. आणि मग एकदम त्यांच्यातला निरीक्षक उठून बसला. "थांब. तू हात लावू नकोस, तू पक्षपाती आहेस. मी करतो."

माळ्यावरून जुनी पिशवी उतरली. नानांनी एकच बटाटा घेतला, त्याच्या शेजारशेजारच्या दोन चकत्या कापल्या, प्रमाण वजनानं दोन्ही सारख्या आहेत याची खात्री केली. एकाच जोडीतले दोन मोजे घेतले. एक चकती स्वतःच्या तळपायाला. आणि दुसरी?

"दुसरी कुणाला बांधायची? ज्याला रक्तच नाही असं पाहिजे," नाना इकडंतिकडं बघत म्हणाले.

"माझ्यात कुठं उरलंय?" आई म्हणाली.

नानांची नजर जेवणाच्या टेबलावर पडली. त्यांनी टेबलाचा तोकडा पाय उचलायला लावला, चकती मोज्यात घालून पायाला मोजा चढवला, आणि तळव्याखाली येईल अशी ती बसवली. दोन्ही नाड्यांवर लाख ओतून आपला जुना ठसा उठवला, म्हणजे कुणी मध्येच हात घालायला नको. शेजारच्या काकूंना पंच म्हणून बोलावलं. मग ते खाटेवर आडवे झाले आणि काकूंना बजावलं, "टेबलाकडे लक्ष ठेवा. माझं मी बघतो."

उपसंपादक बाहेर येरझारा घालत होता. नाना झोपेत काय बघणार, हा प्रश्न त्याला पडला होता, पण तो विचारायची वेळ नव्हती. मोजा उघडल्यावर टेबलाची चकती पांढरीशुभ्र निघाली तर? बटाट्याचं काय सांगावं! मग मात्र नाना जन्मात गोळी घेणार नाहीत.

नाना उठले. लाख फोडली. आधी त्यांचा मोजा: चकती काळपट. काकूंनी मान डोलावली. मग टेबलाचा मोजा. नानांनी चकती बाहेर काढून उजेडात धरली.

टेबलाची चकती नानांच्या चकतीपेक्षा काळी होती.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "टेबलाला तुमच्यापेक्षा जास्त!"

"जुनं आहे ना," आई म्हणाली. "आणि या घरातलं सगळं ऐकतंय इतकी वर्षं."

नाना एकदा या चकतीकडे, एकदा त्या चकतीकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही चकत्या ताटलीत ठेवल्या आणि बाजारात जसं म्हणत तसंच म्हणाले, "पारडं खोटं आहे."

उपसंपादकानं सुटकेचा श्वास सोडला. पण नाना इतक्यात सोडणारे नव्हते.

"आता हे खोटं वजन आलं कुठून ते बघायचं. दुकानदाराला धरून भागत नाही, ते वजन ओतणारा कारागीर सापडला पाहिजे. तू लिहिलंस म्हणतोस ना? तुला कुठं मिळालं?"

"घरच्या ग्रुपवर."

"कुणी टाकलं? तुझ्या मावशीनं असणार. तिला काही उद्योग नाही."

उपसंपादकानं मोबाइल उघडला. पान लावलं त्या दिवशीची सकाळ शोधली. मजकूर सापडला. पाठवणाऱ्याचं चित्र त्यानं आता पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि मोबाइल नानांच्या हातात दिला.

नानांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. चित्रात नाना होते.

सकाळी उठून आलेलं सगळं सगळ्यांना पाठवून द्यायचं, हा नानांचा शिरस्ता होता. त्यानं आपला फोन मोकळा होतो अशी त्यांची समजूत होती.

"पण मी पाठवलं तेव्हा मला ते खरं वाटलंच नव्हतं!" नाना कळवळून म्हणाले. "म्हटलं, काय फालतूपणा आहे. मग पेपरात आलं. मग म्हटलं, अरे, खरंच होतं की!"

"अहो, म्हणजे," आईनं डोळे मोठे केले, "ते ‘तज्ज्ञांच्या मते’..."

"ते तज्ज्ञ नानाच," उपसंपादक म्हणाला.

काकू तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. नानांनाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. त्यांनी बटाट्याचं ते पान काढलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि हे? ‘औषधांची गरजही कमी होते’. हे माझ्यात नव्हतं."

"ते माझं, नाना. एक ओळ कमी पडत होती."

"मी या ओळीवर गोळ्या सोडल्या रे."

नाना रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते साधेपणानं म्हणाले. उपसंपादकाला रडू आलं. त्यानं ते लपवलंही नाही. नानांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "चल. आधी डॉक्टरीणबाईंकडे. रडायचं ते रिक्षात रड."

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, आकडा बघून भुवया वर नेल्या आणि नानांची अशी खरडपट्टी काढली की बाहेर बसलेले पेशंटही सरळ बसले. नानांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी गोळी हातात घेऊन ते म्हणाले, "बाई, एक विचारू? हिचं रिकामं पारडं बघितलं होतं का कुणी?"

उपसंपादकानं कपाळाला हात लावला. पण डॉक्टरीणबाई थांबल्या, खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"बघितलं होतं. गोळी बाजारात येण्याआधी बघावंच लागतं. पुष्कळ लोकांना खरी गोळी देतात आणि तितक्याच लोकांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली दिली ते देणाऱ्यालाही सांगत नाहीत. मग दोन्हीकडे काय फरक पडला ते मोजतात."

"देणाऱ्यालाही नाही?" नानांचे डोळे लकाकले. "म्हणजे लाख लावून! वा! हे आधी का नाही सांगितलंत?" आणि त्यांनी पाणी मागून गोळी तिथंच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला सगळे टेबलाभोवती बसले. नानांनी टेबलाच्या पायाचा मोजा काढायला हात घातला.

"राहू द्या तो," आई म्हणाली. "रात्री मीच चकती घालून पुन्हा चढवला. टेबल डुगडुगायचं थांबलंय."

"कशावरून?"

आईनं खाली वाकून मोजा काढला. चहा बशीत सांडला. तिनं चकती आत घालून मोजा परत चढवला. टेबल ढिम्म हललं नाही.

"पुन्हा," नाना म्हणाले.

पुन्हा तसंच झालं. नानांनी आदरानं आईकडे पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावून ते मुलाबरोबर त्याच्या कचेरीत गेले.

पिशवी बघून संपादकसाहेब का कोण जाणे, उठूनच उभे राहिले. "खुलासा द्यायचाच आहे हो," ते म्हणाले, "पण जागा..."

"खोटं वजन ठेवायला जागा होती?" नानांनी विचारलं.

जागा मिळाली. तीच, पान चारवरची, मधोमध. उपसंपादकानं लिहिलं की बटाट्याचा मजकूर न तपासता छापला होता, तो खोटा आहे, कापलेला बटाटा हवेनं काळा पडतो, गोळ्या कुणीही बंद करू नयेत, केल्या असतील तर आजच डॉक्टरांना भेटावं. लिहून झालं. आणि चौकट भरायला एक ओळ कमी पडली. सवयीनं त्याची बोटं ‘असे आढळून’पर्यंत गेली. मागे नाना उभे होते. त्यानं ते खोडलं.

"मग काय घालू?"

नानांनी थोडा विचार केला आणि सांगितलं. तसंच छापून आलं: ‘डुगडुगणाऱ्या टेबलाला मात्र या उपायाने आराम पडतो. तपासून पाहिले आहे.’

त्या संध्याकाळी जिन्यात बँकवाल्यांनी नानांना गाठलं. ते बरेच हलके दिसत होते. आपलं काही अडकलेलं नाही हे त्यांना पेपर वाचून कळलं होतं. पण एक शंका होती.

"नाना, आमचं टेबल ठीक आहे. खुर्ची डुगडुगते. खुर्चीला चालेल का हो?"

"मला काय विचारता?" नाना जिना चढता चढता म्हणाले. या वेळी त्यांनी भिंत धरली नव्हती. "आधी बटाट्याशिवाय बसा, मग बटाटा लावून बसा. आणि काय होतं ते मला येऊन सांगा."